ग्रुप मेडिक्लेम आटला, आता सुपर टॉप-अप कोणता घ्यावा?

नाशिक रोडच्या एका निवृत्त वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे वय ६६, पत्नीचे ६२. पूर्वीच्या कंपनीने निवृत्तांसाठी काढलेल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दोघांना मिळून ५ लाखांचे संरक्षण होते. यंदाच्या नूतनीकरणात ते ४ लाख झाले, प्रत्येक क्लेमवर २० टक्के को-पे (म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा) आला आणि खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा बसली. एजंट म्हणतो, ‘२५ लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, ५ लाख डिडक्टिबलचा, हप्ता अगदी कमी येतो.’ त्यांना ९ वर्षांपासून रक्तदाब आणि साखर आहे. पत्नीच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी ‘पुढे बदलावे लागतील’ असे लिहून दिले आहे. आयुष्मान कार्ड असताना हे सगळे हवेच कशाला, असे शेजारी विचारतात.

सुपर टॉप-अप म्हणजे खालच्या पॉलिसीवर बसणारी, ठरावीक खर्च ओलांडल्यावरच पैसे देणारी पॉलिसी. तो घ्यावा, पण एजंटने सुचवलेला नको. त्यातला २५ लाखांचा आकडा ठीक आहे, घोटाळा ५ लाखांच्या डिडक्टिबलमध्ये आहे.

डिडक्टिबल म्हणजे वर्षभरातल्या खर्चाचा पहिला भाग, जो सुपर टॉप-अपची कंपनी कधीच देणार नाही. तो तुमच्या ग्रुप पॉलिसीने भरला की तुम्ही बँकेतली ठेव मोडून भरला, याच्याशी तिला देणेघेणे नसते. ग्रुप पॉलिसी ५ लाखांची होती तोवर ५ लाखांचे डिडक्टिबल तिच्यावर नीट बसत होते. आता खाली ४ लाखच उरले, त्यातही को-पे. ग्रुप करार कंपनी आणि विमा कंपनी यांच्यात असतो आणि त्याची बोलणी दरवर्षी नव्याने होतात. पुढच्या वर्षी ३ लाख झाले तर तुमच्या हातात काही नाही. सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल मात्र तिथेच राहते. नंतर ते कमी करून मागितले तर बऱ्याच कंपन्या नव्याने वैद्यकीय तपासणी लावतात, आणि तोवर वय वाढलेले असते. म्हणून ३ लाख डिडक्टिबलचा पर्याय घ्या. हप्ता जास्त पडेल, तो पडू द्या. विमा रक्कम २५ ऐवजी १५ लाखांवर आणून हप्ता थोडा खाली आणता येतो. आणि ग्रुप पॉलिसी उद्या बंदच पडली तरी ३ लाख मुदत ठेवीतून उभे करणे निवृत्ताला जमण्यासारखे असते. ५ लाख तितक्या सहज उभे राहत नाहीत.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नका, कारण विकताना दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला वेगळे डिडक्टिबल लावतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो. समजा डिडक्टिबल ३ लाखांचे आहे. मार्चमध्ये २.५ लाखांचा आणि ऑगस्टमध्ये २.८ लाखांचा खर्च झाला. साधा टॉप-अप दोन्ही वेळा शून्य देईल, सुपर टॉप-अप ५.३ लाखांतून ३ वजा करून २.३ लाख देईल. पॉलिसीत ‘ॲग्रिगेट’ (एकत्रित बेरीज) हा शब्द शोधा. ब्रोशरमध्ये काय छापले आहे त्याला किंमत देऊ नका.

आता खोलीभाडे. लोकांना वाटते, ४ लाखांचा १ टक्का म्हणजे दिवसाला ४,००० मिळतील, खोली ८,००० ची घेतली तर वरचे ४,००० आपण देऊ. तसे होत नाही. खोली दुप्पट दराची घेतली की डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, भूल, नर्सिंग असे खोलीच्या वर्गाशी जोडलेले सगळे खर्चही निम्मे धरले जातात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात. आकड्यांत पाहू. बिल ६ लाख. त्यात ५ दिवसांची खोली ४०,०००, जोडलेले खर्च २,६०,०००, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या ३,००,०००. खोलीचे २०,००० धरले जातील, जोडलेल्या खर्चाचे १,३०,०००, औषधे वगैरे पूर्ण. मान्य रक्कम ४,५०,०००. दीड लाख तिथेच गेले. त्यावर २० टक्के को-पे लावला की ग्रुप पॉलिसीकडून येतील ३,६०,०००. काही कंपन्या आधी विमा रकमेची मर्यादा लावतात आणि मग को-पे कापतात, तसे झाले तर ३,२०,०००. तुमच्या पॉलिसीत क्रम कोणता, हे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

हेच बिल ५ लाख डिडक्टिबलच्या सुपर टॉप-अपकडे गेले तर काय होते? त्यात खोलीभाड्याची मर्यादा नसेल तर त्याच्या हिशेबाने मान्य खर्च ६ लाख, मिळणार १ लाख, आणि को-पे आधी लागलेला धरला तर तुमच्या खिशातून १,४०,०००. त्यातही १ टक्क्यासारखीच मर्यादा असेल आणि मान्य खर्च तिथेही ४,५०,००० धरला गेला, तर डिडक्टिबल ओलांडलेच जात नाही. मिळणार शून्य, खिशातून २,४०,०००. पॉलिसीवर २५ लाख लिहिलेले असूनही! डिडक्टिबल हॉस्पिटलच्या बिलावर मोजले जात नाही, सुपर टॉप-अपच्या स्वतःच्या अटींप्रमाणे मान्य झालेल्या खर्चावर मोजले जाते. म्हणून वरची पॉलिसी घेताना तिच्यात खोलीभाड्याची टक्केवारी नको आणि को-पे नको. ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ इतकी अट असेल तर नाशिकमध्ये ती पुरते.

तुमची ग्रुप पॉलिसी दोघांना मिळून एक, म्हणजे फ्लोटर आहे. मग वरची पॉलिसीही फ्लोटरच हवी. दोघांना वेगवेगळी घ्यावी हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण इथे तो उलटतो. पतीच्या आजारात खालचे ४ लाख संपले आणि त्याच वर्षी पत्नीला २.८ लाखांचा खर्च आला, तर पत्नीच्या वेगळ्या सुपर टॉप-अपमध्ये ३ लाखांचे डिडक्टिबल ओलांडलेलेच नसते. खालून काही नाही, वरूनही काही नाही. फ्लोटरमध्ये दोघांचा खर्च एकत्र मोजला जातो, त्यामुळे तिचे सगळे २.८ लाख मिळू शकतात. फ्लोटरचा हप्ता मोठ्या वयाच्या सदस्यावरून ठरतो, तेवढी किंमत मोजावी लागते.

तारखांचाही घोळ होतो, आणि तो क्लेमच्या वेळीच उघडा पडतो. समजा ग्रुप पॉलिसीचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि सुपर टॉप-अप तुम्ही २० फेब्रुवारीला घेतला. पुढच्या जानेवारीत २.८ लाख आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये २.८ लाख खर्च झाला. ग्रुप पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही एकाच वर्षातले, त्यामुळे को-पे बाजूला ठेवला तरी ती ४ लाखांवर थांबते आणि १.६ लाख उरतात. सुपर टॉप-अपच्या दृष्टीने जानेवारीचा खर्च आदल्या वर्षातला आणि मार्चचा चालू वर्षातला. दोन्ही वर्षांत ३ लाख ओलांडले नाहीत, म्हणून ते १.६ लाख तुमचेच. ग्रुपचे नूतनीकरण महिना-दोन महिन्यांवर असेल तर दोन्ही पॉलिसी एकाच दिवशी सुरू करा. ते दूर असेल तर थांबू नका, कारण आधीपासूनच्या आजारांच्या प्रतीक्षाकालाचे (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही त्याचे) घड्याळ पॉलिसी सुरू झाल्यावरच चालू लागते.

नियम बदलले ते कुठे उपयोगी पडतात तेही पाहू. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, पूर्वी तो ४८ महिने होता. म्हणजे ३६ ही कमाल मर्यादा आहे, काही पॉलिसींत तो १२ किंवा २४ महिने असतो. तुमच्यासाठी हप्त्यातल्या फरकापेक्षा ही अट महत्त्वाची. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर जुनी माहिती लपवली असे म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. आधी ही मुदत ८ वर्षांची होती. विमा रक्कम नंतर वाढवली तर वाढीव रकमेपुरते हे महिने वाढीच्या दिवसापासून मोजतात. पॉलिसी पसंत न पडल्यास परत करण्याची मुदत ३० दिवसांची झाली आहे. नवीन पॉलिसी घेण्यासाठी वयाची वरची मर्यादा नियमातून गेली, पण कोणाला घ्यायचे हे कंपनी तपासणी करून ठरवतेच. कोणत्याही वयात हमखास मिळते, असा त्याचा अर्थ काढू नका.

हप्त्याबाबत दोन गोष्टी. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने सांगितले की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. ग्रुपच्या वाढीविरुद्ध मात्र या १० टक्क्यांवर विसंबू नका. दुसरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. २०,००० च्या हप्त्याला आधी २३,६०० मोजावे लागत. ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. त्यामुळे ‘ग्रुप नेहमीच स्वस्त’ हे गणित आता पुन्हा मांडून पाहायला हवे. नूतनीकरणाच्या पत्रात मूळ हप्ता आणि कर वेगळे लिहिलेले असतात, ते पाहा. आयकरात ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, हप्ता रोखीने भरल्यास मिळत नाही. नव्या करपद्धतीत असाल तर करबचतीसाठी म्हणून एक रुपयाही जास्त भरू नका.

गुडघ्यांबद्दल कटू गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरांनी कागदावर लिहिले म्हणजे तो आधीपासूनचा आजार झाला. शिवाय सांधेबदल, मोतीबिंदू, हर्निया यांना बहुतेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षाकालही असतो. दोन्ही लागू असतील तर जो लांब तो धरला जातो. शस्त्रक्रिया वर्षभरात करायची असेल तर नवीन सुपर टॉप-अप तिच्यासाठी कामाचा नाही, ती ग्रुपमधून किंवा सरकारी योजनेतूनच करावी लागेल. एक बारीक मेख अशी की प्रतीक्षाकालात बसणारा खर्च काही पॉलिसी डिडक्टिबलच्या बेरजेतही धरत नाहीत. घेण्याआधी हे विचारा.

प्रपोजल फॉर्ममध्ये गडबड होते ती अशी. एजंट मोबाइलवर फॉर्म भरतो, आजारांच्या रकान्यांत पटापट ‘नाही’ दाबतो आणि म्हणतो, ‘काका, ओटीपी सांगा.’ तो ओटीपी म्हणजे तुमची सही. फॉर्मची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवा, वाचा, मगच ओटीपी द्या. रक्तदाब आणि साखर किती वर्षांपासून, गोळ्यांची नावे, मात्रा, शेवटचा एचबीए१सी, जुना ईसीजी, पत्नीच्या गुडघ्यांचा एक्स-रे, सगळे लिहा. ‘बीपी सगळ्यांनाच असते, लिहायची गरज नाही’ असे कोणी म्हटले तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊच नका. खरे लिहिल्यावर हप्त्यावर थोडा अधिभार लागेल किंवा क्वचित नकार येईल, पण नकार आज आलेला परवडतो. पॉलिसी हातात आल्यावर सोबत जोडलेली फॉर्मची प्रत ३० दिवसांच्या आत पुन्हा तपासा. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक येते, त्यात प्रतीक्षाकाल, उपमर्यादा आणि डिडक्टिबल सोप्या शब्दांत दिलेले असतात. ते मराठीत मागता येते, हक्काने मागा.

नाशिककरांनी आणखी एक कलम शोधावे, ते म्हणजे झोन. बऱ्याच कंपन्या शहरांचे गट पाडून हप्ता ठरवतात. नाशिकचा हप्ता मुंबईपेक्षा कमी असतो आणि त्याच्या बदल्यात मुंबईत उपचार घेतल्यास १० ते २० टक्के को-पे लागू शकतो. कर्करोग किंवा गुंतागुंतीचे हृदयाचे दुखणे निघाले की नाशिकची मंडळी मुंबई गाठतात, काहींचा मुलगा पुण्यात असतो म्हणून तिकडे जातात. मोठे बिल नेमके तिथेच होते आणि सुपर टॉप-अपची गरजही तेव्हाच लागते. म्हणून वरच्या पॉलिसीत झोनचा को-पे नसावा, किंवा वरच्या झोनचा हप्ता भरून तो काढून टाकलेला असावा. मुलाचा पुण्याचा किंवा मुंबईचा पत्ता टाकण्याची युक्ती करू नका, खोटा पत्ता क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

आता आयुष्मान. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, संरक्षण वर्षाला ५ लाखांचे. खासगी मेडिक्लेम असला तरी चालते. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पण तुमची सत्तरी ४ वर्षांनी, पत्नीची ८ वर्षांनी. तुमचे कार्ड झाले तरी त्यात पत्नी येत नाही. तोवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह महाराष्ट्रातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिच्यात ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिकेत पत्नीचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते पाहून ठेवा. दाखल होतानाच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रतिनिधीला) भेटायचे असते, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

या योजनांना सुपर टॉप-अपचा पाया समजू नका. त्यात उपचारांचे ठरलेले पॅकेज असते आणि हॉस्पिटलने रुग्णाकडून वर पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे योजनेतून ५ लाख आणि वरचे बिल सुपर टॉप-अपकडे, अशी जोडणी गृहीत धरू नका. दर वेळी दाखल होताना योजना की मेडिक्लेम हे ठरवावे लागते. गुडघ्यांसारखी आधी ठरवलेली शस्त्रक्रिया योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये बसत असेल तर ती तिथे करा आणि मेडिक्लेमची रक्कम अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी शिल्लक ठेवा. हृदयविकाराचा झटका आल्यावर ॲम्ब्युलन्स जवळच्या हॉस्पिटलला जाते, ते योजनेत आहे का हे तेव्हा कोणी विचारत नाही. सैन्यदलातून किंवा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांचा हिशेब वेगळा. माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना असेल तर सत्तरीनंतर त्या आणि आयुष्मान यांतली एकच निवडावी लागते, आणि ती निवड घाईत करू नये.

ग्रुप पॉलिसी इतक्यात सोडू नका. तिच्यात तुमची साखर आणि पत्नीचे गुडघे आजच्या घडीला बसत असतील, तेच तिचे मोल. पण कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दोन प्रश्न लेखी विचारा. पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर पत्नीचे संरक्षण चालू राहते का? आणि ग्रुप बंद झाल्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करताना पूर्ण झालेला प्रतीक्षाकाल धरला जातो ना? हे स्थलांतर नियमात आहे, पण ग्रुप संपण्याआधी अर्ज करावा लागतो आणि कंपनी तब्येत तपासू शकते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर पत्नीच्या नावाने एक छोटी स्वतंत्र बेस पॉलिसी (डिडक्टिबल नसलेली मूळ पॉलिसी) आजच सुरू करणे योग्य. ६२ व्या वर्षी ती मिळणे ७० पेक्षा सोपे.

क्लेमच्या वेळी क्रम असा ठेवा. दाखल झाल्याबरोबर दोन्ही कंपन्यांना कळवा, बिल डिडक्टिबलपर्यंत पोहोचणार नाही असे वाटले तरी. कॅशलेस आधी ग्रुपच्या टीपीएकडून घ्या. विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी असा नियम आहे. उशीर होत असेल तर हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर अर्ज गेल्याची वेळ लिहून घ्या, नाहीतर ‘टीपीएकडून आले नाही’ आणि ‘हॉस्पिटलने पाठवले नाही’ यांत संध्याकाळ होते. मूळ कागद टीपीएकडे जातात, म्हणून त्याआधीच हॉस्पिटलच्या शिक्क्यासह प्रती घ्या. तपशीलवार बिल, पावत्या, डिस्चार्ज समरी, इंडोर पेपर, तपासण्यांचे अहवाल, इम्प्लांट बसवला असेल तर त्याचा स्टिकर. ग्रुपकडून पैसे आल्यावर सेटलमेंट लेटर मागा. सुपर टॉप-अपची कंपनी तेच पहिल्यांदा मागते. वर्षातला पहिला क्लेम छोटा होता आणि ग्रुपने पूर्ण दिला, म्हणून त्याची फाइल टाकून देऊ नका. दुसऱ्या वेळी डिडक्टिबल ओलांडले हे सिद्ध करायला तीच फाइल लागते. जे स्वतः भराल ते यूपीआयने किंवा कार्डाने भरा आणि क्रमांकाची पावती घ्या.

क्लेम नाकारला तर कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, १५५२५५ या हेल्पलाइनवरही ती घेतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. नाशिक पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येते, मुंबईच्या नाही, हे अर्ज पाठवताना लक्षात ठेवा. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.